क्रिब बंपर: घेतलं, बांधलं आणि दीड महिन्यात सोडलं

रिव्ह्यू लिहायला उशीरच झालाय, बंपर घेऊन आता सात महिने होतील, पण एका परीने बरंच झालं. कारण मी ज्या रिव्ह्यूंच्या भरवशावर हे घेतलं ते सगळे पार्सल फोडल्यापासून दोन दिवसांच्या आत लिहिलेले होते. "सो क्यूट", "प्रिंट फोटोसारखीच आहे", "बाळाला खूप आवडलं" (तीन आठवड्यांच्या बाळाला काय आवडणार, त्याला धड दिसत पण नाही अजून). सगळे मिळून ४.३ स्टार, आणि बाळ त्यात झोपायला लागल्यावर पुढे काय झालं हे एकानेही लिहिलेलं नाही. ते मी लिहितो.

कंपनीचं नाव घेत नाही. चारपाच कंपन्यांची बघितली होती, सगळी इतकी सारखी की एकाच शेडमध्ये शिवून नुसती लेबलं वेगळी लावत असावेत. त्यामुळे हा त्या एका सेटचा कमी आणि बंपर ह्या प्रकाराचाच जास्त रिव्ह्यू आहे असं समजा. माझ्याकडून दीड स्टार. एक कापडाला, कारण सहा वेळा धुऊनही निळा हत्ती निळाच राहिला, आणि अर्धा वेळेवर आलं म्हणून.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, क्रिब बंपर म्हणजे बाळाच्या कॉटला आतल्या बाजूने बांधायच्या गुबगुबीत पट्ट्या, साधारण वीतभर उंचीच्या आणि आत फायबर भरलेल्या. बाळाचं डोकं दांड्यांवर आपटू नये, हातपाय बाहेर जाऊन अडकू नयेत, एवढ्यासाठी. माझा सेट २,१९९ ला पडला. त्यात चार पट्ट्या, एक चादर आणि एक उशी होती, आणि खोक्यावर एक गोरंगोमटं बाळ ह्या सगळ्याच्या मधोमध टेडीला मिठी मारून झोपलेलं. तो फोटो लक्षात ठेवा, त्यातल्या निम्म्याअधिक वस्तू कॉटमध्ये असूच नयेत हे मला नंतर कळलं.

आता मी का घेतलं ते सांगतो, कारण बहुतेकांचं कारण तेच असतं. भीती. आमची चिमी एप्रिलमध्ये झाली, सांगलीला, हिच्या माहेरी. जुलैमध्ये दोघी पुण्याला आल्या आणि तोपर्यंत मी इकडे कॉट तयार ठेवायची होती. नवीन घ्यायचा प्रश्नच नव्हता कारण आमच्या माळ्यावर माझीच कॉट होती, सागवानी, बाबांनी सुताराकडून करून घेतलेली, डोक्याकडे नि पायाकडे फळी आणि दोन्ही लांब बाजूंना उभे गोल दांडे. पॉलिश मारलं तर नव्यासारखी झाली. बाबांनी हात फिरवून बघितली आणि काही बोलले नाहीत, म्हणजे ते खूश होते. फक्त दांड्यांमधली जागा मला जास्त वाटली. मी चाकणला क्वालिटीत आहे, दिवसभर पार्ट मोजायचे हाच धंदा, त्यामुळे घरी पण हात शिवशिवतात. व्हर्नियर लावला, ८४ मिलिमीटर भरलं. तेव्हा हा आकडा बरा की वाईट हे मला माहीत नव्हतं, नुसतं डोळ्याला जास्त वाटत होतं. मग आपण सगळे करतो तेच केलं, फोन काढला, "बेबी कॉट साइड प्रोटेक्शन" टाकलं आणि पहिलं जे आलं ते घेतलं. मोजून झालं होतं, आता फक्त आकडा बरोबर आहे का हे शोधायचं होतं, तेवढं न करता भोक झाकायला उशी मागवली. कंपनीत असं कोणी केलं असतं तर मीच त्याला उभं केलं असतं.

बंपर आलं, बांधलं. प्रत्येक पट्टीला सहा नाड्या. पहिल्याच दिवशी कळलं की पट्टी ज्या मापाच्या कॉटसाठी शिवलीये ते माप आपल्या सुताराच्या कॉटचं असूच शकत नाही, त्यामुळे मधे पोक यायचा. नाडी घट्ट ओढली की खालून पट्टी उचलली जायची आणि गादी नि पट्टीच्या मधे चार बोटं जातील अशी फट पडायची. मी ती फट दुपट्याची गुंडाळी करून बुजवली. आज ते आठवलं तरी कसंतरी होतं, म्हणजे एक मऊ वस्तू नीट बसेना म्हणून तिच्या बुडाशी दुसरी मऊ वस्तू कोंबली.

मग पावसाळा. पुण्यातल्या पावसाळ्यात बाळाचे साधे लंगोट वाळत नाहीत, घरभर दोऱ्या बांधलेल्या असतात, तिथे ह्या फायबर भरलेल्या पट्ट्या कशाच्या वाळतायत. बाळ दूध काढतं, ते पट्टीवरच उडतं, म्हणजे दर आठवड्याला धुणं आलं. मशीनमध्ये टाकलं की आतल्या फायबरच्या गुठळ्या, हाताने पिळलं की तीन दिवस पंख्याखाली, आणि एवढं करून कुबट वास तो येतोच. त्यात पंख्याचा वारा आत जायचा नाही. वरून पंखा असला तरी बाजूने हवा खेळत नाही, आणि दमट दिवसांत बाळाची मान चिकट व्हायची, मानेच्या वळीत लाल पुरळ. ही म्हणायची घामोळं आहे, मी म्हणायचो पावडर लाव. आणि एक वैताग, पट्टीच्या मागे डास. दिवसा तिथे अंधारात बसून राहायचे, संध्याकाळी पट्टी जरा हलवली की पाच-सहा उडायचे. डेंग्यूच्या दिवसांत बाळाच्या उशाशी डासांना राहायला खोली करून दिली होती आम्ही, २,१९९ रुपये डिपॉझिट भरून.

एवढं सगळं होऊनही काढलं नव्हतं हं. धुणं, डास, वास, ह्या सगळ्याला "असू दे, डोकं तरी आपटत नाही" असं उत्तर होतं.

काढलं ते गौरी जेवणाच्या दिवशी. घर भरलेलं, सांगलीहून हिच्या घरचे, माझी मावशी, काका, पोरंटोरं, आणि खाली मंडळाचा स्पीकर चालू. चिमी साडेचार महिन्यांची झाली होती आणि आठवडाभरापूर्वीच पहिल्यांदा पालथी पडली होती, म्हणजे कुशीवर वळायला जमत होतं पण परत उताणं व्हायला जमत नव्हतं. दुपारी सगळे जेवून लवंडले, ती पण झोपली म्हणून तिला आत कॉटमध्ये ठेवली, उताणीच, आणि आवाज नको म्हणून दार लोटून घेतलं. एरवी कॉट आमच्या पलंगाला लागून असते, दोघांपैकी एक जण बाजूला असतोच, त्या दिवशी अर्धा-पाऊण तास कोणीच नव्हतं. मी आत गेलो ते सतरंजी काढायला, तिला बघायला सुद्धा नाही. कपाटाचं दार उघडताना सहज नजर गेली.

ती कडेला सरकली होती आणि तोंड पट्टीत. नुसतं टेकलेलं नाही, नाक नि तोंड त्या गुबगुबीत भागात रुतलेलं, आणि खालचा हात माझ्या त्या दुपट्याच्या गुंडाळीत अडकलेला, म्हणजे मागे ढकलायला हात पण मोकळा नव्हता. मी उचललं. तिने हुं केलं, कपाळाला आठ्या घातल्या आणि माझ्या खांद्यावर परत झोपून गेली. काही झालं नाही. मी हे मुद्दाम सांगतोय की काही झालं नाही, पिक्चरसारखं काही नव्हतं, रडारड नाही, ओठ निळे नाहीत. फक्त पट्टीवर, हत्तीच्या कानावर, एक ओला गोल होता, लिमलेटच्या गोळीपेक्षा थोडा मोठा, आणि हात लावला तर गरम होता.

त्या गोलाने माझी झोप उडवली. रात्री सगळे झोपल्यावर पट्टी सोडून घेतली आणि स्वतःच्या तोंडाला लावली. लेबलवर लिहिलंय "ब्रीदेबल फॅब्रिक". पहिले दोनचार श्वास ठीक, मग कोंदट, आपलाच श्वास आपल्याला परत येतोय असं कळतं, दहाव्या-बाराव्याला मी तोंड बाजूला केलं. मी केलं, कारण मला मान आहे. चार-पाच महिन्यांच्या बाळाला डोकं जड आणि मान लेची, आणि गाढ झोपेत त्याला हवा कमी पडतेय हे कळून मान फिरवायचं जमेलच असं नाही. भीती आहे ती हीच, की सोडलेला श्वास कापडात अडकून राहतो, बाळ तोच परत परत घेतं, ऑक्सिजन कमी कमी होत जातो, आणि हे सगळं आवाज न करता. बाहेरून बघणाऱ्याला बाळ शांत झोपलंय.

दुसऱ्या दिवशी ताईचा व्हिडिओ कॉल, गौरी बघायला. ताई न्यू जर्सीला असते. मी तिला हे सांगितलं तर आधी शांत झाली आणि मग जे झापलं मला, गौरींच्या समोर. "अरे, इथे हे विकायलाच बंदी आहे, तू मला एकदा विचारायचंस तरी." मी म्हटलं कॉटच्या उशांवर कोण कायदा करतं. तर केलाय. अमेरिकेत २०२२ च्या मे महिन्यात सेफ स्लीप फॉर बेबीज नावाचा कायदा झाला आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरपासून तिथे गुबगुबीत बंपर बनवणं, विकणं बंद, माल आधी बनवलेला असला तरी. त्याच कायद्यात ते उतरते झोपाळेवजा बेड पण गेले, १० अंशांपेक्षा जास्त उतार असलेले. त्याच्याही आधी शिकागो शहराने २०११ मध्ये आणि मेरीलँड राज्याने २०१३ मध्ये बंदी आणली होती. आणि आपल्याकडे काय चाललंय ते बघायचं तर ॲप उघडा, बाळंतविड्यात द्यायला गिफ्ट सेट म्हणून रिबीन बांधून मिळतंय.

मग मी बसून वाचलं. ह्यातला सगळ्यात गाजलेला अभ्यास २००७ चा आहे, सेंट लुईसच्या वॉशिंग्टन युनिव्हर्सिटीतल्या ब्रॅडली थॅच ह्या डॉक्टरांचा. त्यांनी १९८५ ते २००५ मधल्या सरकारी नोंदी चाळल्या आणि बंपरमुळे झालेले २७ मृत्यू काढले. त्यातली ११ बाळं तोंड पट्टीवर दाबलं जाऊन, १३ पट्टी आणि दुसऱ्या कशाच्या तरी मधे अडकून (माझी फट, माझी गुंडाळी), आणि ३ नाडी गळ्याभोवती येऊन. पुढे २०१६ मध्ये त्यांच्याच टीमने आकडा २०१२ पर्यंत मोजला तर ४८ झाला. कोणी म्हणेल एवढ्या मोठ्या देशात एवढ्या वर्षांत ४८, म्हणजे काहीच नाही. मी पण आधी तेच म्हटलं, आमच्या भाषेत पीपीएम, म्हणजे दहा लाखांत किती बिघडले तो आकडा, फारच कमी. पण दुसऱ्या पारड्यात काय आहे ते बघा ना. बंपर नसेल तर बाळाला होणार काय, तर टेंगूळ, ओरखडा, पाय अडकला म्हणून रडणं. त्या वयाच्या बाळात जोरच केवढा असतो, स्वतः वळून दांड्यावर आपटून त्याला मोठी इजा होईल असं काही घडत नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची जी संघटना आहे, अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स, ती २०११ पासून हेच सांगतेय की बंपर नको, त्याने इजा टळते ह्याला पुरावा नाही आणि धोका मात्र आहे. एका बाजूला टेंगूळ आणि दुसऱ्या बाजूला श्वास. क्वालिटीतला माणूस म्हणून सांगतो, किरकोळ डिफेक्ट झाकायला क्रिटिकल डिफेक्ट आत घ्यायचा नसतो.

आणि सगळ्यात मजेशीर गोष्ट ह्याच्या पुढे आहे, की मग हे बंपर आलंच कुठून. तर पूर्वी अमेरिकेतल्या कॉटना दांड्यांमधे मोठी जागा असायची. बाळाचे पाय, मग ढुंगण बाहेर सरकायचं आणि डोकं आत अडकून राहायचं, लटकायचं बाळ. ती जागा झाकायला पट्ट्या आल्या. मग १९७३ मध्ये तिथे नियम झाला की दोन दांड्यांमधे सव्वादोन इंचांपेक्षा किंचित जास्त, म्हणजे साधारण ६ सेंटिमीटर, त्याहून जास्त जागा ठेवायची नाही. म्हणजे बाळ सरकण्याचा प्रश्नच संपला. पण बंपर राहिलंच, आता डोकं आपटू नये म्हणून. कारण गेलं आणि वस्तू उरली.

हे वाचताना माझ्या डोक्यात एकच आकडा, ८४ मिलिमीटर. म्हणजे आमची बाबांनी करून घेतलेली कॉट त्या जुन्या काळातल्यासारखीच, बाळ खरोखर सरकेल अशी, आणि बंपर काढून टाकलं की भोक उघडं. इथे बरेच जण फसतील म्हणून जरा लांबवतोय. ज्यांच्याकडे अशी जुनी, सुताराने केलेली किंवा कोणाकडून आलेली कॉट आहे त्यांना वाटेल आपल्याला बंपर लागणारच. नाही लागत. दांड्यांतली जागा मोठी असेल तर जागा कमी करायची, झाकायची नाही.

तर सुताराकडे गेलो. तो म्हणाला सोपंय, प्रत्येक दोन दांड्यांच्या मधे एकेक बारीक दांडा ठोकतो, तासाभराचं काम. हिशोब केला तर ते पण चुकीचं निघालं, कारण २२ चा दांडा ८४ च्या मधोमध टाकला की दोन्हीकडे ३१-३१ उरतात, आणि एवढ्या बारीक जागेत पाय गेला की गुडघ्याशी अडकून बसायचा. युरोपातला नियम ४५ ते ६५ मिलिमीटर आहे, खालची मर्यादा पण आहे, उगाच नाही. मग कागदावर काढून दिलं त्याला. एका बाजूला १० दांडे होते, आतलं माप ११४४, तिथे १५ दांडे बसवायचे म्हणजे दोघांत ५१ येतात. त्यासाठी वरची आणि खालची पट्टी नवी करून भोकं नव्याने पाडायची. सुताराने कागद बघितला, माझ्याकडे बघितलं, म्हणाला, "साहेब, पाळणा करायचाय का विमान?" पण केलं पठ्ठ्याने, आणि चांगलं केलं, कुठेही दोन मिलिमीटरच्या वर फरक नाही. सगळं मिळून २,६०० रुपये. जाता जाता एक बाजू जी खाली सरकायची, आईला बाळ उचलायला सोपं म्हणून, ती पण कायमची पक्की करून घेतली, कारण तशा खाली सरकणाऱ्या बाजूच्या कॉट अमेरिकेत २०११ पासून बंद आहेत, खिट्टी सैल होऊन बाळं फटीत अडकायची. आईची कंबर दुखते वाकायला हे खरं आहे, त्यावर माझ्याकडे उत्तर नाही, बाळ आम्ही उचलून देतो.

मोजायचं असेल तर टेपने मोजा. इंटरनेटवर "कोल्ड्रिंकचा कॅन आरपार जाता कामा नये" असं लिहिलेलं असतं, ते त्यांच्याकडच्या जाड्या कॅनचं आहे. आपल्याकडे ते उंच बारीक कॅन पण मिळतात, ते लावून बघितलंत तर चांगली कॉट पण नापास होईल. ६ सेंटिमीटर जाडीचा लाकडाचा ठोकळा कापून घेतलात तर उत्तम, गेला आरपार तर नापास.

आता आईबद्दल. आई सुरुवातीपासून म्हणत होती, "तू ह्याच कॉटमध्ये झोपलास, तुला काय झालं?" आणि ती पण तेव्हा दोन्ही बाजूंना छोटे लोड लावायची, डोक्याखाली मोहरीची उशी, डोकं गोल व्हावं म्हणून. चिमीला पण तिने मोहरीची उशी शिवलीच होती, काय सुंदर शिवलेली, कडेला लेस. ती काढायची म्हणजे आईला दुखवायचं. बायको म्हणाली तुझी आई, तू सांग. मी दोन दिवस टाळलं आणि मग तो ओला गोल कसा होता ते सांगितलं, कायदा नाही, अभ्यास नाही, नुसता तो गोल. आई गप्प बसली आणि थोड्या वेळाने म्हणाली ते मला फार पटलं, "आमच्या वेळी बाळाला एकटं कोण ठेवायचं रे. कोणी ना कोणी बाजूला असायचंच, आजी असायची, बाळंतीण असायची, दार लावायची पद्धतच नव्हती." मी पण साक्षीला होतोच, गौरी जेवणाच्या दिवशी घरात वीस माणसं होती आणि बाळाच्या खोलीचं दार लावलेलं होतं. उशी आईने स्वतःच उचलून नेली.

सर्दीसाठी डॉक्टरकडे गेलो तेव्हा विचारून घेतलं. डॉक्टरांनी एका वाक्यात संपवलं, कॉटमध्ये बाळ आणि घट्ट ओढून बसवलेली चादर, तिसरी वस्तू नको, आणि झोपवताना उताणंच. मी म्हटलं ती स्वतः पालथी होते. तर म्हणाले स्वतः झाली तर होऊ दे, आपण उताणं ठेवायचं, आणि आता वळायला लागलीये तर दुपट्यात घट्ट बांधायचं बंद करा. गादी कापसाची होती, मधे खड्डा पडलेली, ती काढून काथ्याची कडक घेतली, कॉटच्या मापाची, कडेला दोन बोटं पण जाणार नाहीत अशी. आईला वाटलं बाळाला टोचेल. बाळ त्यावर पण तसंच झोपतं.

हिचं एक म्हणणं होतं की निदान जाळीचं तरी लावू. ते पण घेतलं, ७४९ रुपये, एकच पातळ जाळी, फायबर नाही, वेल्क्रोने गुंडाळायचं. हवा खेळते, धुतलं की तासात वाळतं, अमेरिकेच्या त्या बंदीतून ही विनापॅडची जाळी वगळलेली आहे, त्यामुळे गुबगुबीतपेक्षा शंभर पट बरं. पण माझ्याकडे पंधरा दिवसांत वेल्क्रोला केस नि सुतं चिकटून पकड गेली, जाळी मधे लोंबायला लागली, आणि चिमीने कोपरा सोडवून तोंडात घातला. डॉक्टरांच्या संघटनेचं पण म्हणणं आहे की कॉटच्या बाजूंना असलं काहीच लावू नका. त्याला अडीच स्टार, पाय वारंवार अडकून बाळ रात्र रात्र उठत असेल आणि रोज तपासायची तयारी असेल तर आणि तरच. ते वेणीसारखं जाड गुंफलेलं मिळतं, इन्स्टावर बारशाच्या फोटोत सगळीकडे असतं, त्याचा तर विचार पण करू नका. तोंड रुतायचं ते रुतणारच, वर बाळ उभं राहायला लागलं की पाय द्यायला आयती पायरी.

बंपरच्या पैशात काय घ्यायचं असं कोणी विचारलं तर, थंडीसाठी स्लीपिंग सॅक, बिनबाह्यांची झोपायची पिशवी म्हणा हवं तर, चेन लावायची की झालं, पांघरूण नको आणि तोंडावर यायचं भय नको. डिसेंबरात पुण्यात पहाटे चांगलाच गारठा असतो, एक सुती, एक जाड, दोन घेतल्या, जाम उपयोगी, त्याला साडेचार स्टार. आणि एक चांगली मच्छरदाणी, छताला टांगून चारी बाजूंनी ताणलेली, आत लोंबणार नाही अशी.

परतीचं विचाराल तर झालं नाही. सात दिवसांची मुदत, ती कधीच संपलेली. मी तरी त्यांना लिहिलं की पट्टीत बाळाचं तोंड रुतलं, फोटो पण टाकला, तर उत्तर आलं, "सर, आम्हाला तुमच्या गैरसोयीबद्दल खेद आहे, पुढच्या खरेदीवर १० टक्के सूट", आणि खाली त्याच बंपरची गुलाबी रंगातली लिंक. मी शेजारी कोणाला दिलं नाही आणि ओएलएक्सवर पण टाकलं नाही. नाड्या कात्रीने कापल्या, दोन पट्ट्या आईने उसवून बसायची आसनं केली, बाकी दोन आता टीपॉयच्या कोपऱ्यांना बांधल्यात कारण चिमी दहा महिन्यांची झालीये आणि धरून धरून चालते.

डोकं आपटलं का विचाराल तर हो, आपटलं. बंपर काढल्यापासून तीनदा. एकदा जोरात रडली, मिनिटभर, ही धावली, कपाळावर जरासं लाल, दुसऱ्या दिवशी काही नाही. पाय अडकला दोनदा, सोडवला. आता तिला कळलंय की त्या ५१ मिलिमीटरमधून पाय बाहेर काढता येतो आणि आतही घेता येतो, तर रोज पहाटे उठते, कोणाला उठवत नाही, एक पाय बाहेर काढते आणि दुसऱ्या पायाने मोजा ढकलून खाली टाकते. मग दुसरा. सकाळी मला ऑफिसला निघायच्या गडबडीत पलंगाखाली वाकून दोन मोजे शोधायचे असतात, आणि एक कधीच सापडत नाही.